विजोड टेबलाचे रसग्रहण

१९९८ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅपलचा पहिला आयमॅक दुकानांत आला, तेव्हा त्याच्या खोक्यातून निघणारी प्रत्येक वस्तू एकाच घरातली वाटत होती. ऑस्ट्रेलियातल्या बाँडाय किनाऱ्याचे नाव घेतलेला तो निळसर-हिरवा, अर्धपारदर्शक रंग संगणकाच्या पाठीवर होता, कीबोर्डच्या कवचावर होता आणि माउसच्या अंगावरही होता. माउस पूर्ण गोल. त्याच्या पोटातला दुरंगी गोळा फिरताना वरून दिसे. वायर मुद्दाम आखूड ठेवलेली, कारण ती संगणकाच्या मागे नेऊन जोडायचीच नव्हती. कीबोर्डच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही टोकांना जोडणीची जागा होती, म्हणजे डावखुऱ्या माणसालाही माउस आपल्या बाजूला घेता येई. ही शेवटची योजना मला आजही फार आवडते. अ‍ॅपलचे डिझायनर जॉनी आइव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाला दिवाणखान्यात मानाची जागा मिळवून दिली, ती असल्या तपशिलांच्या बळावर.

पण त्या माउसवर हात ठेवला की कौतुक थबकते. गोल वस्तूला पुढचे टोक नसते. कीबोर्डवर दोन ओळी लिहून हात परत आला की माउस किंचित फिरलेला असे. हात सरळ पुढे ढकले आणि पडद्यावरचा बाण तिरका धावे. तळव्याला टेकायला उंचवटा नव्हता, म्हणून तो बोटांच्या चिमटीत धरावा लागे. पुढे बोटाला दिशा लागावी म्हणून बटणावर एक खळगा आला. बाहेरच्या उत्पादकांनी त्यावर बसवायची लांबट टोपणे विकायला काढली. अखेर २००० च्या जुलैमध्ये अ‍ॅपलनेच लंबगोल माउस आणला. संचात जी वस्तू सगळ्यांत चपखल दिसत होती, तिला हाताने दोन वर्षांत नापास केले.

संगणकाचे सामान एका रंगाचे, एका कंपनीचे, एका घडणीचे असावे का, हा प्रश्न मी या माउसपासून सुरू करतो, कारण इथे देखणेपणा खरा होता आणि अडचणही खरी होती. माझे मत असे: दारातून आत येणाऱ्याला जी जुळणी दिसते, ती टेबलासमोर दिवसभर बसणाऱ्याच्या उपयोगी पडेलच असे नाही. बसणाऱ्याची जुळणी कोपर, मनगट, बोट आणि नजर यांच्याशी असते. ती फोटोत येत नाही, म्हणून ती जवळ जाऊन पाहावी लागते. तशी ती पाहण्यासाठी मी माझे स्वतःचेच टेबल घेतो, कारण त्यावरच्या कोणत्याही दोन वस्तू एकमेकींशी जुळत नाहीत.

सुरुवात लाकडापासून करू. टेबल सनमायका लावलेले, जुन्या पद्धतीचे ‘कॉम्प्युटर टेबल’ आहे, खाली सरकती फळी असलेले. एकेकाळी घरोघरी दिसणारी ही टेबले आता गृहसजावटीतून जवळजवळ हद्दपार झाली आहेत; फळी दिसायला बोजड, रुळांचा खडखडाट, गुळगुळीत टेबलाची रेघ मोडणारी. पण त्या फळीची उंची पाहा. लिहिण्याचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. पेनने लिहिताना आपण पुढे झुकतो, हाताचा भार टेबलावर देतो, त्यासाठी ही उंची बरोबर आहे. टंकताना मात्र पाठ सरळ असते, हात अधांतरी असतात आणि कोपर टेबलाच्या पातळीच्या खाली राहते. मग खांदे नकळत वर उचलले जातात आणि संध्याकाळी मान दुखते. सरकती फळी कीबोर्डला चार बोटे खाली, कोपराच्या रेषेत आणते. ज्या कोणा सुताराने ती पहिल्यांदा बसवली, त्याला एवढे नक्की कळले होते की एकाच टेबलाला दोन उंची लागतात.

फळीवर आहे आयबीएमचा मॉडेल एम कीबोर्ड. १९८५ पासून तो अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लेक्झिंग्टन इथे बनत होता. १९९१ मध्ये तो कारखाना लेक्समार्क या नावाने वेगळा झाला आणि १९९६ मध्ये लेक्समार्कने हात आखडता घेतल्यावर युनिकॉम्प नावाच्या लहान कंपनीने तीच यंत्रसामग्री घेऊन काम पुढे चालवले. रंग मोतिया, कडेच्या कळा राखाडी. वजन दोन किलोच्या वर, त्यामुळे जोरात लिहितानाही तो फळीवर तसूभर सरकत नाही. काळ्या मॉनिटरखाली तो चारचौघांत उपरा दिसतो, हे मान्य.

त्याचे मर्म कळेच्या खाली आहे. प्रत्येक कळेला स्वतंत्र उभी स्प्रिंग आहे. कळ दाबली की स्प्रिंग आधी सरळ दबत जाते आणि बोटाला वाढता विरोध करते. मग एका क्षणी ती मध्येच लचकते आणि एका अंगाला वाकते. वाकताना ती आपल्या नळीच्या भिंतीवर आदळते, तोच तो प्रसिद्ध ‘टक्’. त्याच लचकण्याने तिच्या पायाशी असलेली चिमुकली पट्टी कलते, खालच्या पापुद्र्यावर टेकते आणि अक्षर नोंदले जाते. म्हणजे बोटाखालचा विरोध सुटणे, कानाला आवाज येणे आणि अक्षर उमटणे या एकाच घटनेच्या तीन बाजू आहेत. आजच्या कित्येक आवाजी कीबोर्डांत टकटक करणारा भाग वेगळा बसवलेला असतो. इथे आवाज वेगळा काढावा लागलेला नाही. कळ तळापर्यंत जाण्याच्या आधीच बोटाला कळते की काम झाले. सराव झालेला हात तिथूनच परत फिरतो. कळेच्या चार मिलिमीटरांच्या प्रवासात इतकी स्पष्ट कबुली देणारे दुसरे साधन माझ्या माहितीत नाही.

आता कीबोर्ड उचलून बाजूने पाहा. कळांच्या ओळी वाटीच्या आतल्या बाजूसारख्या हलक्या कमानीत चढतात. बहुतेक कीबोर्डांत आतला पत्रा सपाट असतो आणि प्रत्येक ओळीची टोपी वेगळ्या उताराची कापून ही कमान भासवलेली असते. मॉडेल एममध्ये पोलादी पत्राच वाकवलेला आहे आणि सगळ्या ओळींच्या टोप्या एकाच आकाराच्या आहेत. त्यामुळे वरच्या ओळीतली टोपी खालच्या ओळीत लावली तरी बोटाला फरक जाणवत नाही. अक्षरे टोपीवर वरून छापलेली नाहीत, शाई प्लॅस्टिकच्या आत मुरवलेली आहे, म्हणून दशकांच्या वापरानंतरही ती झिजत नाहीत. हा कीबोर्ड घडवणाऱ्यांनी शोभेसाठी एकही रेघ काढलेली नाही, आणि तरी त्याच्या कडेवरून हात फिरवताना मला समाधान वाटते.

एक दोष सांगायलाच हवा. घरात कोणी झोपलेले असेल तर हा कीबोर्ड चुकीचा आहे. सोय म्हणताना शेजारच्या माणसाच्या कानांचाही हिशेब धरावा लागतो. रात्री मी साधा, रबरी कळांचा कीबोर्ड घेतो आणि त्याबद्दल मला हळहळ वाटत नाही.

मराठी लिहिणाऱ्याला या कीबोर्डवर आणखी एक आनंद मिळतो आणि तो ‘विजोड’ या विषयाच्या गाभ्याशी जातो. मी इनस्क्रिप्ट ही कळमांडणी वापरतो. १९९१ च्या भारतीय मानकात ज्या मांडणीला स्थान मिळाले, तीच ही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर, शिफ्टच्या अंतरावर. तसेच ग-घ, त-थ, प-फ. वर्णमालेतले सख्खे शेजारी बोटाखालीही शेजारी राहतात. आता ‘जोडी’ हा शब्द टंकून पाहा. ज उजव्या हाताने, ओकाराची मात्रा डाव्या हाताने, ड पुन्हा उजव्या, दीर्घ वेलांटी पुन्हा डाव्या. चार ठोके, आळीपाळीने. मराठीत व्यंजनामागून मात्रा येत राहते, त्यामुळे ही डावी-उजवी लय शब्दाशब्दांतून चालू राहते आणि मॉडेल एमवर ती ऐकूही येते.

आणि हे सगळे होत असताना कळांवर देवनागरीचा ठिपकादेखील नाही! कळेवर इंग्रजी एच छापलेले आहे, पडद्यावर प उमटतो. जे दाबले की र, एफ दाबले की ऱ्हस्व वेलांटी. दिसणे आणि असणे यांची याहून पूर्ण फारकत कुठल्याही टेबलावर सापडणार नाही. हाताला ती जाणवतही नाही, कारण तर्जन्या एफ आणि जे वरच्या बारीक उंचवट्यांवर टेकलेल्या असतात आणि तिथून प्रत्येक अक्षराचे अंतर त्यांना पाठ असते. टंकलेखनाच्या वर्गात शिकलेल्या माणसाला हे नवे नाही. न बघता लिहिणे हेच तिथले पहिले शिक्षण.

मॉडेल एमची रुंदी मात्र अडचणीची आहे. उजवीकडे आकड्यांच्या कळांचा वेगळा पट्टा असल्यामुळे माउस आणखी उजवीकडे ढकलला जातो आणि त्याला गाठायला खांदा बाहेर फाकवावा लागतो. अरुंद फळीवर तर माउस फिरवायला जागाच उरत नाही. म्हणून माझ्या टेबलावर माउस नाही. कीबोर्डच्या डाव्या बाजूला, जिथे आकड्यांचा अडसर नाही तिथे, लॉजिटेकचा मार्बल ट्रॅकबॉल आहे: रुपेरी-करडे अंग आणि मधोमध टपोरा लाल गोळा. हे साधन जागचे हलत नाही, फक्त गोळा फिरतो. कल्पना माउसहून जुनी आहे. टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केनियन टेलर यांनी १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाच्या प्रकल्पासाठी असे साधन बनवले, तेव्हा त्यात तिथल्या फाइव्ह-पिन बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरला होता. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांचा लाकडी माउस त्यानंतर, १९६४ मध्ये आला.

या लाल गोळ्यावर काळे ठिपके विखुरलेले आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते, आणि नक्षी म्हणूनही ती छानच आहे. पण आतला संवेदक गोळ्यावर प्रकाश टाकून हेच ठिपके वाचतो. ठिपके किती आणि कुठल्या दिशेने सरकले यावरून बाण कुठे न्यायचा ते ठरते. ठिपके पुसले तर साधन आंधळे होईल. गोळा तीन बारीक टेकूंवर तोललेला आहे. कचरा साचतो तोही नेमका त्या तीन जागी. सफाईसाठी तळाच्या भोकातून बोटाने गोळा वर ढकलायचा, तीन टेकू पुसायचे, गोळा परत ठेवायचा. स्क्रू नाही, झाकण नाही. अंगाचा आकार डावी-उजवीकडे सारखा, म्हणून ते कुठल्याही हाताला चालते. कागद वर-खाली सरकवायचे चाक त्याला नाही, ही उणीव मोठी आहे, पण लाल गोळ्याला एक टिचकी मारून बाण पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला पाठवताना मी ती दरवेळी माफ करतो.

मोतिया कीबोर्ड आणि रुपेरी-लाल ट्रॅकबॉल शेजारी पाहून कोणी नाक मुरडले, तर मी त्यांना तबला-डग्ग्याकडे पाहायला सांगेन. एक लाकडाचा, दुसरा तांब्याचा किंवा पितळेचा. एक उभट, दुसरा फुगीर. एक सुरात मिळवलेला, दुसरा घुमाऱ्यासाठी ठेवलेला. शाईची जागासुद्धा सारखी नाही: तबल्यावर ती मध्यभागी, डग्ग्यावर एका कडेला, कारण डाव्या मनगटाला टेकून सरकायला जागा हवी असते. दोन हातांची कामे वेगळी आहेत हे आपल्या कारागिरांनी मनापासून मान्य केले आणि त्या वेगळेपणालाच जोड म्हटले. माझ्या डाव्या-उजव्या हातांना मी तेवढाच मान देऊ पाहतो.

मग जुळणी कुठेच लागत नाही का? लागते, आणि जिथे लागते तिथे ती फार काटेकोर लागते. टेबलावरचे दोन मॉनिटर पाहा. एक २४ इंची, १६:१० प्रमाणाचा, आडवा. दुसरा १७ इंची, जुन्या ५:४ प्रमाणाचा, उभा फिरवलेला. वेगळ्या कंपन्या, वेगळ्या पिढ्या. एकाची चौकट काळी, दुसऱ्याची राखाडी. तरी ही जोडी मोठ्या विचाराची आहे. २४ इंची पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १२०० ठिपके असतात, प्रत्येक ठिपका सुमारे ०.२७ मिलिमीटरचा. १७ इंची पडद्यावर १२८० आणि १०२४, आणि ठिपका सुमारे ०.२६४ मिलिमीटरचा. आकार इतका वेगळा, पण ठिपका जवळपास तोच. म्हणून मजकुराची खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढली तर अक्षर ना फुगते ना आक्रसते. डोळ्याला पुन्हा जुळवून घ्यावे लागत नाही. एकाच दुकानातून एकाच रंगाचे दोन पडदे घेतले, पण एकाचे ठिपके बारीक आणि दुसऱ्याचे जाड निघाले, तर नजर दिवसभर ठेचकाळत राहते.

प्रमाणातही असाच गुण दडलेला आहे. २४ इंची १६:१० पडद्याची उंची सुमारे ३२४ मिलिमीटर भरते. ए-४ कागदाची उंची २९७. म्हणजे प्रत्यक्ष मापाचे पान उभे मावून वर साधनपट्टीला जागा उरते. रुंदीत तर दोन पाने शेजारी बसतात. आज सर्वत्र मिळणारा २३.८ इंची, १६:९ प्रमाणाचा पडदा सुमारे २९६ मिलिमीटर उंच असतो. एका मिलिमीटरने पान हुकते. चित्रपट पाहायला तो उत्तम, मुद्रिते तपासायला तो तोकडा. आणि उभा केलेला १७ इंची पडदा? २७० रुंद, ३३८ उंच. त्यात एक ए-४ पान खऱ्या मापात आरामात उभे राहते. देवनागरी तर वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय अशी उभ्यानेही वाढणारी लिपी आहे. तिला उंची दिली की ती मोकळा श्वास घेते.

आणखी एक जुळणी इथे सक्तीची आहे, पांढऱ्याची. कारखान्यातून आलेल्या दोन पडद्यांपैकी एकाचा पांढरा निळसर असतो, दुसऱ्याचा पिवळट. दोन्हींची रंगछटा ६५०० केल्व्हिनवर आणून, मग उजेड कमी-जास्त करून दोन्ही पांढरे एक केले, दोन्हींच्या वरच्या कडा डोळ्यांच्या रेषेत आणल्या, की चौकटींचे रंग मनातून पुसले जातात. नजर ज्या सीमेवरून दिवसातून असंख्य वेळा ये-जा करते, तिथली जुळणी ही चैन नव्हे.

शेवटी टेबलाखाली वाकून संगणकाची पाठ पाहू या, कारण विजोड रंगांचा सगळ्यांत बुद्धिमान वापर तिथे झाला आहे. मॉडेल एमच्या पिढीतले कीबोर्ड आणि माउस ज्या पीएस/२ जोडणीने लागत, ती दोन्हींसाठी एकाच आकाराची होती: गोल, सहा पिनांची. दोन भोके शेजारी, हुबेहूब सारखी, आणि चुकीच्या भोकात लावले तर यंत्र गप्प. जुळणी इथे शाप होती. मग इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून काढलेल्या पीसी ९९ या आराखड्यात रंग ठरले: कीबोर्डला जांभळा, माउसला हिरवा, मॉनिटरला निळा, मायक्रोफोनला गुलाबी, स्पीकरला पोपटी. एका जागी इतके न जुळणारे रंग कुठला सजावटकार मांडणार? पण टेबलाखालच्या अंधारात, टॉर्च तोंडात धरलेल्या माणसाला, भोकांशेजारच्या, वाचता न येणाऱ्या चित्रांपेक्षा हे पाच रंग एका नजरेत रस्ता दाखवतात. सफाईने घडवलेल्या महागड्या संचांत मला जे क्वचित भेटते, ते या पाठीमागच्या पट्टीवर भेटते: प्रत्येक रंग कामावर हजर आहे.

एका रंगाच्या संचाबद्दल मला आकस नाही. ज्याला टेबल नीटनेटके पाहून कामाला हुरूप येतो, त्याचा हुरूपही खराच असतो. आणि संचातला प्रत्येक नग हाताला बसत असेल तर तो भाग्यवान. पण दोहोंत निवडायची वेळ आली, तर रंग सोडावा आणि मनगट राखावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा खोक्यावरच्या चित्रावरून संच उचलू नका. कीबोर्ड बाहेर काढायला लावा, खुर्ची ओढून बसा, खांदे सैल सोडा आणि आपल्या मराठीतला एक सबंध परिच्छेद टंकून पाहा. माउसवरून हात काढा, डोळे मिटा, हात परत ठेवा आणि पुढचे टोक सापडते का ते तपासा. दुकानदाराला घाई असली तरी तुम्ही घाई करू नका. ते सामान पुढची दहा वर्षे तुमच्या हाताखाली राहणार आहे.